कॉम वन हरवला आहे

पुण्याहून येताना खंबाटकी ओलांडली की माणसाचं वाचन आपोआप वाढतं. पुढच्या गाडीची पाठ पूर्ण वाचल्याशिवाय तिला ओव्हरटेक करायचं नाही, असा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. काळ्या स्कॉर्पिओच्या काचेवर 'राजधानी सातारा'. पांढऱ्या बोलेरोवर 'आई-आप्पांची पुण्याई' आणि खाली दोन मुलांची नावं. धाकट्याचं नाव नंतरच्या रोलमधलं, त्यामुळे थोरल्यापेक्षा जास्त पिवळं. अपशिंगे मिलिटरीच्या बाजूनं आलेल्या बुलेटवर 'माजी सैनिक', आणि चालवणाऱ्याला अजून मिसरूड फुटायचंय. पिकअपमध्ये शर्यतीचा बैल उभा असतो आणि हौद्यावर त्याचं नाव मालकाच्या नावाच्या दुप्पट आकारात असतं, जे योग्यच आहे. पेठ नाक्यावरून सांगलीकडं वळलं की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. त्यांच्या पाठीला लाल-पिवळ्या चमकत्या पट्ट्या, आणि अंधारात दिसणारं एवढंच.

या सगळ्या साहित्याला संपादक नाही, प्रकाशक नाही, पण त्याचा कारखाना मात्र आहे. त्याला आपण रेडियमचं दुकान म्हणतो. तिथं यातलं काहीही छापलेलं नसतं. सगळं कापलेलं असतं. कापणारं यंत्र म्हणजे कटिंग प्लॉटर. स्टँडवर उभा केलेला दोन-अडीच फुटांचा आडवा डबा. मागून रोल आत जातो, रोलर तो पुढं-मागं ओढतात, आणि एक छोटं डोकं डावीकडून उजवीकडं पळतं. डोक्यात एक पातं. त्यानं वरचं व्हिनाइल कापायचं आणि खालच्या मेणकट कागदाला ओरखडा पाडायचा नाही. दोन मोटारी, एक पातं, संपलं. यात जुनं होण्यासारखं काही नाही, म्हणून ते होतही नाही. वीस-वीस वर्षं चालतं.

जुना होतो तो त्याच्याशी बोलणारा कॉम्प्युटर. आणि जुना होण्यापेक्षा वाईट म्हणजे तो नवा होतो.

आमचे दाजी सांगलीत हा धंदा करतात. मूळचे पेंटर. गणपती पेठेतल्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची पंचविशी गेली. दोरीला खडू फासून दोन टोकांना ताणायची, मध्ये चिमटीत धरून सोडायची, की फळीवर सरळ रेघ उमटते. ती शिरोरेखा. तिच्याखाली अक्षरं लोंबकळवायची. मग फ्लेक्स आला आणि दाजींच्या ब्रशांच्या डब्यात टर्पेंटाइन वाळून गेलं. फ्लेक्सशी भांडण्यात अर्थ नाही हे ओळखून त्यांनी प्लॉटर घेतला. फ्लेक्स चौकात लागतो, गाडीला चिकटत नाही, एवढा बारकावा त्यांनी वेळेत हेरला.

प्लॉटरवर त्यांचा जीव किती, ते २०१९ च्या ऑगस्टात कळलं. सांगलीत कृष्णा मोजायची ती आयर्विन पुलापाशी. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. त्या महिन्यात पाणी ५७ फुटांवर गेलं. दुकानात पाणी शिरायच्या आत दाजींनी प्लॉटर माळ्यावर चढवला, कॉम्प्युटर चढवला, रोल चढवले, आणि गल्ला, उधारीची वही आणि स्वतःचा चष्मा खाली विसरले. उधारीची वही वाहून गेल्याचं गिऱ्हाइकांना फार वाईट वाटलं. तसं त्यांनी येऊन सांगितलंही.

तो कॉम्प्युटर विंडोज एक्स्पीवर चालायचा. त्याला इंटरनेट कधी लावलं नव्हतं. आतला सेल संपलेला असल्यामुळे दुकान उघडल्यावर त्याच्या घड्याळात रोज सकाळी १ जानेवारी २००३ असायची. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्स्पीचा आधार काढून घेतला, पण त्याला ते कळलं नाही. त्याच्या लेखी ती तारीख अजून यायची होती. असा समाधानी जीव शेवटी मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगून गेला. दाजी बाहेरगावी असताना आक्कानं तो भंगारवाल्याला किलोवर घातला. मागं स्क्रूनं आवळलेली जाड राखाडी केबलही त्याच्याबरोबर गेली. हे वाक्य वाचताना ज्यांच्या पोटात गोळा आला, ते या धंद्यातले. बाकीच्यांनी पुढं वाचावं.

भाचा हिंजवडीत असतो. त्यानं वडिलांना नवा लॅपटॉप पाठवला. दुसऱ्या दिवशी दाजींचा मला साताऱ्याला फोन.

"पावणं, ह्याला प्लॉटरची वायर खुपसायला जागाच न्हाई."

"असं कसं? बाजूला बघा."

"चारी बाजू बघितल्या. उलटा करून बघितला. पापड हाय नुसता."

मला फोन करण्याचं कारण असं की मी बँकेत होतो आणि बँकेत कॉम्प्युटर होता. आमच्या घराण्यात एवढी पात्रता पुरते. पण योगायोगानं या बाबतीत ती खरोखरच पुरली, कारण पासबुक छापणारे प्रिंटर कित्येक वर्षं याच जातीच्या केबलवर चालायचे. नऊ पिनांचा, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला, सिरीयल पोर्ट. कॉम्प्युटर त्याला 'कॉम वन' म्हणतो.

त्याचं मूळ बघितलं तर ते जवळजवळ घरचंच निघतं. दक्षिण सातारा जिल्ह्याचं नाव सांगली झालं ते १९६० साली, आणि याच जोडणीचं आरएस-२३२ नावाचं प्रमाण अमेरिकेत पहिल्यांदा ठरलं तेही १९६० सालीच. म्हणजे सांगली जिल्ह्याचं नाव आणि सांगलीच्या प्लॉटरची वायर एकाच वयाची. नाव टिकलं. वायरीच्या मुळावर १९९६ मध्ये यूएसबी आला. मग लॅपटॉप बारीक करायची चढाओढ लागली आणि नऊ पिनांचा पोर्ट जाड ठरून बाहेर पडला. यंत्र बनवणाऱ्यांनी लॅपटॉपची जाडी कमी करून कुणाचं भलं केलं हे मला अजून उमगलेलं नाही. रेडियमच्या दुकानात लॅपटॉप टेबलावरून उठत नाही. तो पाटीएवढा जाड असता तरी कुणाची तक्रार नव्हती.

लॅपटॉपला फक्त तो पोर्ट नव्हता असं नाही. दाजींचं कटिंगचं जुनं सॉफ्टवेअर सुरू होताना आपली सीडी आत आहे का बघायचं, आणि नसेल तर बंद पडायचं. लॅपटॉपला सीडी घालायची जागाही नव्हती. दाजींनी सीडी हातात धरून कॅमेऱ्यासमोर नेली. त्यांचं म्हणणं, "बघायचीच हाय न्हवं?"

साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत मी केबल शोधत चाललो. दुकानातली पोरं चांगली, पण सगळी यूएसबीनंतर जन्मलेली. एकानं माझ्या मोबाइलवरचा फोटो बघून आत्मविश्वासानं मॉनिटरची केबल काढून दिली. दोन्हीची चौकट अगदी एकाच मापाची असते, हे खरं. पण मॉनिटरच्या केबलला तीन ओळींत पंधरा पिना आणि आपल्याला हव्यात दोन ओळींत नऊ. "मोज," म्हटलं. त्यानं मोजल्या. "काका, जास्तच आहेत की. जास्त असल्या तर चालेल ना?" बँकेत माझी हयात गेली, जास्त आलं तरी चालत नाही, हे मी त्याला समजावत बसलो नाही.

शेवटी एका ठिकाणी निळी, आरपार दिसणारी, यूएसबीतून सिरीयल काढणारी केबल मिळाली. तिच्याबरोबर ड्रायव्हर होता. तो एका चिमुकल्या सीडीवर होता. ज्या लॅपटॉपला सीडीची जागाच नाही, त्याच्या केबलीचा ड्रायव्हर सीडीवर! असो. ड्रायव्हर भाच्यानं पुण्यातून उतरवून दिला, केबल लावली, आणि कॉम्प्युटरनं पिवळा त्रिकोण दाखवून 'कोड टेन' सांगितला. म्हणजे केबल दिसतेय, पण काम सुरू होणार नाही.

या कोड टेनमागं मोठं राजकारण आहे. अशा केबलीच्या डोक्यात एक चिप असते. खरी चिप महाग, नक्कल स्वस्त, आणि बाजारात नक्कल इतकी की दुकानदारालाही आपण काय विकतोय ते ठाऊक नसतं. मग चिपवाल्या कंपन्यांनी नव्या ड्रायव्हरमध्ये नक्कल ओळखून तिला काम नाकारायची सोय केली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तर ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीनं कहर केला. विंडोजच्या अपडेटमधून तिचा असा ड्रायव्हर घरोघर गेला, की तो नकली चिप सापडली की तिचा ओळख क्रमांकच पुसून शून्य करायचा. चिप मेली नाही, पण कुठल्याच कॉम्प्युटरला ओळख दाखवायच्या लायकीची राहिली नाही. जगभर ओरड झाल्यावर कंपनीनं तो मागं घेतला. नक्कल करणं वाईटच. पण ग्लासगो आणि नक्कलवाल्यांच्या भांडणात सांगलीच्या रेडियमवाल्याची केबल का मारायची? त्यानं तर पावतीही घेतलेली नसते.

आता इथं प्लॉटरचा स्वभाव सांगायला हवा. तो जी भाषा समजतो ती ह्यूलेट-पॅकार्डनं १९७० च्या दशकात आपल्या पेननं रेघा मारणाऱ्या यंत्रांसाठी केली. नाव एचपीजीएल. पीयू म्हणजे पेन वर, पीडी म्हणजे पेन खाली. पुढं पेन जाऊन पातं आलं, हुकूम तेच राहिले. प्लॉटर हा निवृत्त सुभेदारासारखा आहे. एका वेळी एकच हुकूम घेणार, तो तंतोतंत पाळणार, का म्हणून विचारणार नाही, आणि हुकूम ठरलेल्या सुरात आला नाही तर ढिम्म हलणार नाही. सूर म्हणजे चार गोष्टी: वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. यातली एक चुकली की तो एकतर गप्प बसतो, नाहीतर वेड्यासारखं डोकं आपटायला लागतो.

हे चार आकडे दाजींनी प्लॉटरच्या बुडाशी रंगानं लिहून ठेवले होते. पेंटरच ते. सुंदर वळणात, खाली बारीक वेलबुट्टी.

चालणारी केबल मिळेना तेव्हा देव धावून आला तो वजनकाट्यावरून. आमचा पट्टा साखर कारखान्यांचा. कारखाना म्हटलं की काटा आला. ट्रॉली काट्यावर चढली की खालच्या यंत्रातून वजनाचा आकडा कॉम्प्युटरवर जातो, आणि तो अजूनही बहुतेक ठिकाणी याच आरएस-२३२ च्या वायरीतून जातो. गळीत हंगामाआधी काटे तपासत फिरणारा एक मिस्त्री दाजींकडं 'वजनकाटा' अशी अक्षरं कापून घ्यायला आला. अक्षरं कापायला मशीन बंद, असं कळल्यावर त्यानं पिशवी उघडली. आत केबलींचं भेंडोळं. खरी चिपवाली यूएसबी, आणि तिला जोडायला तीन तारांची साधी वायर.

"ही लावा. काट्याला चालती, ह्याला का न चालंल?"

दुकानात बाकड्यावर खरसुंडीकडचे एक बागायतदार बसले होते. ट्रॅक्टरवर कुलदैवताचं नाव टाकायला आलेले. उभ्या हयातीत त्यांचा कुठल्याही काट्यावर विश्वास बसलेला नव्हता. ते म्हणाले, "काट्याची वायर लावू नगा. अक्षरं कमी भरतील."

वायर लावली. कॉम्प्युटरनं ती ओळखली, पण कॉम सेव्हन म्हणून. आधीची निळी केबल आणि इतर कुठल्या कुठल्या भुतांनी आधीचे नंबर अडवून ठेवलेले. दाजींना हे पटेना. त्यांच्या आयुष्यात एकच कॉम होता, वन. भाच्यानं पुण्यातून डिव्हाइस मॅनेजरमध्ये शिरून, ॲडव्हान्स्ड मध्ये जाऊन, 'हा नंबर वापरात आहे' ही धमकी न जुमानता त्याला कॉम वन करून दिलं. दाजींचा चेहरा खुलला. नंबर बदलायची खरं तर आता गरज नव्हती, कारण सीडी मागणारं सॉफ्टवेअर बाद करून त्यानं इंकस्केप घातलं होतं. ते फुकट मिळतं, आणि त्यातल्या प्लॉट या हुकुमानं सरळ सिरीयल पोर्टला माल पाठवता येतो, पोर्ट कितवाही असो. पण वडिलांच्या समाधानासाठी पोरं करतात काहीबाही.

मग त्यानं सॉफ्टवेअरच्या आधी नुसते हुकूम पाठवून बघायचं ठरवलं. एका ओळीची फाइल: आयएन, म्हणजे शुद्धीवर ये. पीयू शून्य-शून्य. पीडी चारशे-शून्य. चारशे-चारशे. शून्य-चारशे. शून्य-शून्य. पीयू. एचपीजीएलमध्ये एक मिलिमीटर म्हणजे ४० पावलं, तेव्हा चारशे म्हणजे बरोबर एक सेंटिमीटर. ओळ गेली. क्षणभर काही नाही. मग डोकं खडबडून जागं झालं, खट् करून पातं टेकलं, आणि चार झटक्यांत एक चौकोन. दाजींनी सुईनं तो उचलला, आक्काच्या शिवणाच्या टेपवर ठेवला. एक सेंटिमीटर. ना केसभर कमी, ना केसभर जास्त. मिस्त्रीनं बागायतदारांकडं बघितलं. ते म्हणाले, "रिकामी ट्रॉली बरोबरच दाखवती. भरली की बघा."

पहिलं काम 'दादा' होतं. झकास कापलं. मग बागायतदारांचं 'श्री सिद्धनाथ प्रसन्न', चांगल्या प्रतीच्या चमकत्या रोलवर. 'श्री' झाली. 'सिद्ध' झालं. 'ना'च्या कान्यापर्यंत सगळे श्वास रोखून. आणि तिथून डोक्याला काय झालं कोण जाणे, पातं टेकलेलंच ठेवून ते तिरकं सुटलं, 'सिद्ध'मधून आरपार, 'श्री'च्या वेलांटीचे दोन तुकडे करून, थेट डाव्या कोपऱ्यात जाऊन धडकलं आणि तिथंच घरघरत राहिलं.

बाकड्यावरून आवाज आला, "घट धरली का न्हाई?"

दाजींनी पातं बघितलं, रोलर बघितले, शिव्या दिल्या. दोष त्यातल्या कशाचाच नव्हता. ९६०० च्या वेगानं सेकंदाला साधारण ९६० अक्षरं प्लॉटरकडं जातात. प्लॉटरची स्वतःची आठवण छोटी. थोडे हुकूम साठवतो, कापतो, मग पुढचे घेतो. 'दादा' सगळा त्या आठवणीत मावला. पण 'श्री'सारख्या अक्षराचा प्रत्येक बाक म्हणजे शेकडो बारीक रेघा, आणि प्रत्येक रेघेचा वेगळा हुकूम. आठवण भरली की प्लॉटरनं हात वर करून 'थांब' म्हणायचं असतं, आणि कॉम्प्युटरनं थांबायचं. हा हात वर करायचा तो वेगळ्या तारेतून. तीन तारांच्या वायरीत ती तारच नाही. मधले हुकूम सांडले, उरलेले जसे हाती लागले तसे सुभेदारानं पाळले.

मिस्त्रीला हे लगेच उमगलं आणि त्यानं कपाळावर हात मारला. "काटा एकटाच बोलतो हो! त्याला कोण थांब म्हणणार? आकडा सांगायचा आन् गप्प बसायचं. माझ्या वायरीत परतीची तार नसतीच." त्यानं सोल्डरगन तापवली, सात आणि आठ नंबरच्या पिनांच्या तारा डाग मारून जोडल्या, आणि भाच्यानं इंकस्केपमध्ये फ्लो कंट्रोल हार्डवेअरवर टाकला. आता प्लॉटर कापताना कॉम्प्युटर मध्येच थांबतो, पुन्हा देतो, पुन्हा थांबतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं कुणी असेल तर ती सात-आठ नंबरची तार; पण तिची थोरवी गायला लागलो तर लेख भरकटेल.

दुसरा सिद्धनाथ शेवटच्या 'न्न'पर्यंत गेला. आता नको असलेला भाग सुईनं सोलून काढायचा, म्हणून दाजी बसले, आणि पहिल्याच ओढीला शिरोरेखेचे तुकडे पडायला लागले. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी फळी. हे मात्र प्लॉटरचं नव्हे, आपल्या लिपीचं. इंग्रजी अक्षरं अंतर राखून उभी असतात. आपली एकमेकांच्या शिरोरेखेवर रेलून. पडद्यावर ती सलग दिसतात, पण पात्याला प्रत्येक अक्षराचा आकार वेगळा दिला, की ते जिथं-जिथं दोन शिरोरेखा एकमेकींवर चढल्यात तिथं-तिथं इमानानं कापत जातं. काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांच्या मुळाशी चिरा.

भाचा पुण्यातून म्हणाला, "पप्पा, फॉन्ट खराब असेल."

"फॉन्टाच्या नावानं बिल फाडू नगंस. वेल्ड मार."

"ते काय असतं?"

आणि मग या प्रकरणात पहिल्यांदाच दाजींनी शिकवलं आणि इंजिनिअरनं ऐकलं. अक्षरं आधी आकारात बदलायची, मग सगळी निवडून एकजीव करायची. कोरलमध्ये याला वेल्ड म्हणतात, इंकस्केपमध्ये युनियन. ते झालं की शिरोरेखा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. ज्या माणसानं पंचवीस वर्षं खडूच्या दोरीनं शिरोरेखा मारली, तिचे तुकडे झालेले त्याला कसे चालतील? तिसऱ्या कापणीत सिद्धनाथ पूर्णरूपानं प्रसन्न झाले. बागायतदारांनी अक्षरं बोटानं चाचपून मोजली, सगळी भरली, आणि ते उधारी ठेवून गेले. वही नवी आहे.

मधूनमधून अजून एक नाटक होतं. उन्हाळ्यात रोल सुटताना व्हिनाइलवर स्थिर वीज साठते आणि चटका बसल्यासारखा यूएसबी तुटतो. कापता-कापता कॉम वन गायब. त्यावर उपाय म्हणजे प्लॉटरच्या सांगाड्याला नीट अर्थिंग. दाजींनी आधी तार नळाच्या पाइपाला बांधली होती. पाइप प्लॅस्टिकचा निघाला.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी, नवा प्लॉटर घ्यावा, त्याला यूएसबी असतो. घ्यावा. पण धंद्याचं गणित बघा. या दुकानांचं रोजचं पोट नंबरप्लेटवर होतं. ८०५५ चं बॉस आणि २१४ चं राम करून देण्यात कित्येकांनी घरं बांधली, आणि तेवढीच पोलिसांनी फाडलेल्या पावत्यांत गेली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीचीच, उठावाच्या क्रमांकाची, सुरक्षित पाटी येते. पुढं महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. मुदत वाढत गेली, पण दाजींकडं कुणी परत आलं नाही. उरलं काय, तर ट्रॉल्यांच्या पट्ट्या, बैलांची नावं, मुलांची नावं, दुकानाच्या काचेवर 'ढकला' आणि 'ओढा', आणि सरकारनं गावाचं नाव बदललं की एक हंगाम. इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं तेव्हा दोन आठवडे बरे गेले. एवढ्या कमाईत नवं यंत्र बसत नाही, आणि जुनं तर बसलेलंच आहे, कापतंय, माप चोख आहे. हयात यंत्राला केवळ त्याच्याशी कुणी बोलत नाही म्हणून मोडीत काढायचं, हे मला तरी पटत नाही.

ज्यांच्याकडं असा प्लॉटर आहे त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. त्याच्याबरोबर आलेली मूळ केबल देव्हाऱ्यात ठेवावी. वेग आणि पॅरिटीचे आकडे यंत्रावरच लिहावेत, वेलबुट्टी ऐच्छिक. आणि नवा कॉम्प्युटर घ्यायचाच असेल तर लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप घ्यावा, कारण कित्येक नव्या मदरबोर्डांवरही कॉमच्या पिना आजही असतात, फक्त मागं पोर्टची पट्टी लावलेली नसते. ती पट्टी मागून घ्यावी. दुकानदार नाही म्हणेल. बोर्डाचा कागद दाखवावा.

आणि एक विनंती. सातारा-सांगली पट्ट्यात कुणाकडं चालू स्थितीतला, मागं नऊ पिनांचा पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप पडून असेल तर तो किलोवर घालू नये. दाजी भंगारवाल्यापेक्षा जास्त भाव देतात, रोख देतात, आणि गाडीला मुलांची नावं फुकट टाकून देतात. वजन मात्र तुमच्या काट्यावर.